बगिच्यात लुटलेलं कुलुपांचं वाण

ये वं पोरी, जरा जवळ सरकून बस. तू तिकडे पुण्यात आहेस हे माहीत आहे मला, पण वाचताना तरी माझ्या खाटेवर पाय वर घेऊन बसल्यासारखी बस. आणि आधी दोन शब्द ऐकून घे. दर रविवारी फोनवर तोंड दाखवतेस, तेही अर्धं. कपाळ आणि मागचा पंखा. "आई, फिरायला जातेस ना?" असं विचारतेस, ती "हो" म्हणते आणि तू खूश होऊन फोन ठेवतेस. एवढ्या मोठ्या कंपनीत चार माणसांची कामं तपासतेस म्हणे, आणि आई खोटं बोलून राहिली ते तुला समजत नाही? दिवाळीनंतर तुझी आई बगिच्यात गेलेली नाही. एक फेरी नाही, अर्धी नाही. तुमच्या खालच्या खिडकीतून बगिच्याचं फाटक दिसतं, तरी नाही.

तिने मला शपथ घातली होती, पोरीला सांगायचं नाही म्हणून. ती शपथ मी आज मोडते. मोठी जाऊ आहे मी तिची, चाळीस वर्षं एका अंगणात पापड वाळवले आम्ही, तेवढा हक्क मला आहे. नाव मात्र यात कोणाचंच घालणार नाही. तिचं नाही, माझं नाही, आणि त्या माणसाचं तर नाहीच नाही. कागदावर, दगडावर, बाकड्यावर आपलं नाव पाहायची त्याला फार हौस. ती माझ्या हातून पुरी व्हायची नाही.

तुला आठवतो तो बगीचा आता राहिला नाही. तू लहान होतीस तेव्हा तिथे गाजरगवत होतं आणि एक तुटकी घसरगुंडी, तिच्यावर तू फ्रॉक फाडून घेतलास. आता सगळीकडे सिमेंटचे गट्टू बसवलेत, गोल फिरायचा रस्ता झाला आहे, लॉन आहे, व्यायामाची ती लोखंडी यंत्रं आहेत, त्यांना पोट्टे माकडांसारखे लटकतात. बाकडी आली, प्रत्येकावर कोणाच्या तरी सासऱ्याचं नाव. आणि मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या आल्या, एक पुरुषांची आणि एक बायकांची.

ती बायकांची खोली फुकट आली नाही. तिच्यासाठी अर्ज कोणी लिहिला होता, माहीत आहे? तुझ्या आईने. अक्षर चांगलं म्हणून सगळ्यांनी तिच्याच गळ्यात घातलं. "महिलांची कुचंबणा होते" असं लिहिलं तिने, आणि मला म्हणाली, "बाई, कुचंबणा बरोबर लिहिलं ना?" मी म्हटलं, "मले काय विचारतं वं, भोगणारी तू, शब्द तुझाच." तिला शुगर, वरून बीपीची ती पाण्याची गोळी. अर्धा तास झाला की तिला जावंच लागतं. खोली झाली त्या आठवड्यात ती पहिल्यांदा चार फेऱ्या सलग फिरली. डॉक्टर म्हणाले, बाई, हे असंच चालू राहिलं तर गोळ्या कमी करू. घरी येऊन तिने शिरा केला होता, बिनसाखरेचा. कोणाच्या घशाखाली उतरला नाही, पण आम्ही खाल्ला.

मग समिती झाली आणि समितीला सचिव मिळाला. सगळे त्याला साहेब म्हणतात. जन्मभर हुकूम दिलेला माणूस. रिटायर झाल्यावर हुकूम द्यायला घरी बायको उरली नव्हती आणि सुना ऐकत नव्हत्या, तेव्हा बगीचा सापडला. गळ्यात शिट्टी. सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचं, उलटं कोणी आलं की फुर्रर्र! फुलाला हात लावला की फुर्रर्र! मोठमोठ्याने बोललं की फुर्रर्र! आणि स्वतः मात्र सकाळी सात वाजता तीस माणसं गोल उभी करून हास्य क्लब चालवतो. हात वर करून "हा हा हा", हात खाली करून "हो हो हो". तुझे मोठे बाबा, म्हणजे आमचे हे, त्यात दुसऱ्या रांगेत. घरी माणूस वर्षानुवर्षं हसला नाही, तिथे शिट्टीवर हसतो.

त्या क्लबच्या सतरंज्या, खुर्च्या, माइकचा डबा ठेवायला जागा पाहिजे होती. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि बायकांच्या खोलीत सामान भरलं. तिचा नळ तोडून पाइप लॉनकडे वळवला आणि दाराला कुलूप लावलं. आम्ही विचारलं तर म्हणाले, "फारसं कोणी वापरत नाही. लागलं तर चावी माझ्याकडे आहे, मागून घ्यायची." आता सांग पोरी, परक्या माणसाजवळ जाऊन ही चावी कोणती बाई मागेल? मेली तरी मागणार नाही. त्यानेही हे ओळखूनच सांगितलं. फाटकावरच्या सुविधांच्या पाटीवर मात्र 'महिला प्रसाधनगृह' तसंच राहिलं. अक्षरं ताजी रंगवून घेतली वरून.

इथे माझीही चूक आहे, ती लपवत नाही. आम्ही बायका गप्प बसलो. कुरकुरलो, घरी येऊन भांडी आपटली, पण गप्प बसलो. एकेक जण एका फेरीवर आली. तुझ्या आईने मात्र फेऱ्या सोडल्या नाहीत. म्हणायची, "धरून ठेवते बाई, सवय होते." सवय कशाची होते त्याची!

दिवाळी झाल्यावरची सकाळ. मी तिळाच्या चटणीच्या नादात उशिरा निघाले, ती पुढे गेली होती. फाटकातून पाहते तर ती साहेबांसमोर उभी. बाजूला हास्य क्लबचा गोल. तुझ्या आईने मान खाली घालून, मला ऐकूही येणार नाही इतक्या हळू चावी मागितली. आणि साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "वहिनी, घरूनच आटपून यावं ना. बगीचा फिरण्यासाठी असतो." चावी घरी विसरली होती त्यांची. ते सांगायच्या ऐवजी हे बोलले. आणि वळून शिट्टी फुंकली.

शिट्टी वाजली की क्लब हसतो, तो नियमच आहे. तीस माणसं हात वर करून हसली, "हा हा हा." तुझी आई फाटकाकडे चालू लागली, भरभर, मग आणखी भरभर, आणि फाटकाच्या दहा पावलं अलीकडे उभी राहिली. मी समजले. मी धावले, माझी शाल तिच्या कमरेला गुंडाळली. गट्टूवर ओलं पसरलं होतं. मागून "हो हो हो" चालूच होतं.

तुझे मोठे बाबा नंतर मला सांगत होते, "अवं, तिले नाई हसलो आमी. थो तर व्यायाम होता."

मी म्हटलं, "तुमचा व्यायाम झाला, तिचा जीव गेला."

"मले दिसलंच नाई न."

"दिसलं असतं तर शिट्टी थांबवली असती का?"

यावर ते पेपर वाचायला लागले. उलटा होता पेपर.

त्या दिवसापासून सकाळी पावणेसातला तुझी आई ती खिडकी लावून घेते, हसण्याचा आवाज नको म्हणून. मिक्सर चालू करते, त्यात काही नसलं तरी. शुगर वाढली. पायाला मुंग्या येतात. डॉक्टरला सांगते, गच्चीवर फिरते. गच्चीचा जिना तिने चार महिन्यांत चढलेला नाही. आणि मी, जी देवासमोर रोज "सगळ्यांचं भलं कर" म्हणते, तीच मी रोज सकाळी हात जोडून एकच मागायला लागले, की या माणसाला तसंच उभं राहावं लागू दे. लोकांसमोर, पाय आवळून. देवाने ऐकलं नाही तरी चालेल, माझे हात आहेत, असंही सांगून ठेवलं.

आणि गंमत पाहा, साहेब स्वतः चालत माझ्या दारात आले.

बगिच्यांची काही स्पर्धा होती. परीक्षक पाहायला येणार होते, जानेवारीत. साहेबांना बक्षीस हवं होतं. ते सोफ्यावर बसले, पाणी पिऊन म्हणाले, "वहिनी, परीक्षकांना महिलांचा सहभाग दिसला पाहिजे. संक्रांतीचं हळदीकुंकू या वेळी बगिच्यातच करा. छान साड्या नेसून या, फोटो चांगले येतात. वाणाचं तुम्हीच बघा."

मी म्हटलं, "बघते न साहेब. वाणाचं मीच बघते."

तुला सांगते, त्या दिवशी मला भूक फार लागली. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

संक्रांतीचं वाण म्हणजे तुला माहीत आहे, कोणी डबी लुटते, कोणी गाळणी, कोणी प्लास्टिकचं ते सूप. दुसऱ्या दिवशी मी इतवारीच्या बाजारात गेले. भांड्यांच्या गल्लीच्या पुढे लोखंडी सामानाचं दुकान आहे, तिथल्या माणसाला म्हटलं, कुलुपं दाखव. तो म्हणाला, "काकू, किती?" मी म्हटलं, "तीस." तो म्हणाला, "लग्नाचा हॉल घेतला का काय?" मी म्हटलं, "नाई गा, वाण लुटाचं आहे." तो हसायला लागला, मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबला आणि चांगली पितळी काढून दिली.

घरोघरी जाऊन बायकांना सांगितलं. वाटलं होतं दहा जणी तयार होतील. एकही 'नको' म्हणाली नाही. कोपऱ्यावरची, जिच्या तोंडून कधी शब्द निघत नाही, ती म्हणाली, "बाई, मी दोन लावू का?"

पाहणीच्या दिवशी थंडी कडाक्याची होती. आम्ही तीस जणी काठापदराच्या साड्या नेसून सातलाच हजर. साहेब खूश. पुरुषांच्या खोलीला लोखंडी जाळीचं दार आहे, ते ओढून घेतलं, आणि प्रत्येकीने आपलं कुलूप त्या जाळीला लावलं. प्रत्येक कुलपाला हळद, कुंकू, चिमूटभर अक्षता. चाव्या आपापल्या पदराला. मग सतरंज्या टाकल्या, पण लॉनवर नाही. मागच्या भिंतीच्या कडेने, मेंदीच्या कुंपणाच्या कडेने, मोटारपंपाच्या खोलीमागे. जिथे जिथे आडोसा, तिथे तिथे चार चार बायका हळदीकुंकवाला बसलेल्या. हळदीकुंकवात पुरुष येत नाहीत, येतील कुठून?

आणि मी चहा पाजला. मोठ्या थर्मासांतून, आलं घालून. "घ्या न भाऊजी, थंडी आहे." "अजून अर्धा घ्या साहेब, परीक्षकाले वेळ आहे." साहेबांनी तीन कप घेतले. त्यांनाही पाण्याची गोळी आहे, हे तुझ्या मोठ्या बाबांकडून मला केव्हाच समजलं होतं. परीक्षक नऊला येणार होते, सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले.

पहिले उठले तुझे मोठे बाबा. खोलीकडे गेले, दार पाहिलं, परत आले. भिंतीकडे वळले, तिथे कोपऱ्यावरची गाणं म्हणत बसलेली. मग माझ्याजवळ आले, कानाशी वाकले.

"अवं, हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"वाण लुटून राहिलो."

"मले चावी दे न."

"घर समोर आहे तुमचं. जा."

"आणि परीक्षक आले म्हणजे?"

"ते तुम्ही पाहा. तुमाले नाई तरी काय दिसते!"

ते घराकडे गेले. पळतच गेले. पाठोपाठ आणखी पाचसहा जण आपापल्या घरांकडे. पण साहेब कसे जातील? परीक्षक केव्हाही येणार, स्वागत त्यांनीच करायचं, शिवाय त्यांचं घर तीन गल्ल्या पलीकडे. ते फाटक ते लॉन, लॉन ते फाटक अशा फेऱ्या घालत होते. शिट्टी फुंकत नव्हते. शिट्टी फुंकायलाही पोटात जोर लागतो.

शेवटी आले. चेहरा लाल.

"वहिनी, हा काय प्रकार आहे? त्या दाराला कुलुपं कोणी लावली?"

"वाण आहे साहेब. तुम्हीच म्हणाले, वाणाचं पाहा."

"थट्टा पुरे. चावी द्या."

"कोणती? तीस आहेत."

"वहिनी, मला..." पुढे बोलवेना. मेंदीच्या कुंपणापाशीच्या, पंपाच्या खोलीमागच्या, सगळ्या बायका उठून उभ्या. मी साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "घरूनच आटपून यावं ना, साहेब. बगीचा फिरण्यासाठी असतो."

त्यांना आठवलं. पोरी, मला तेच हवं होतं. आधी कपाळाला आठी पडली, मग ती सुटली आणि नजर फाटकाकडे गेली, जिथे तुझी आई उभी राहिली होती त्या जागेकडे. त्यांनी खाली पाहिलं. मला दया आली असती तर तेव्हाच यायला पाहिजे होती. नाही आली.

मी म्हटलं, "दुसरी खोली आहे न बाजूले. पाटीवर लिहिलं आहे. तिची चावी तुमच्याच खिशात."

त्यांनी चावी काढली. कुलूप उघडलं. आत पाय ठेवायला जागा नव्हती, ती त्यांनीच ठेवली नव्हती. मग साहेब सामान बाहेर काढायला लागले. खुर्च्या, सतरंज्या, माइकचा डबा, मागच्या वर्षीचे फलक, एक फुटका कुंभकर्णाचा मुखवटा. दोन पाय जवळ घेऊन, कमरेत वाकून, एका हाताने. कोणी मदतीला गेलं नाही. क्लबमधले एकदोन जण पुढे सरकले, तर बायकांनी वाटेत हळदीकुंकवाचं ताट धरलं. आणि नेमके तेव्हाच परीक्षक फाटकातून आत आले, दोन पुरुष आणि एक बाई. साहेबांच्या हातात 'आदर्श बगीचा' असं लिहिलेला फलक होता. तो त्यांनी तसाच टाकला आणि आत जाऊन दार लावलं.

परीक्षक बाई थांबल्या. सामानाचा ढीग पाहिला, दारावरची 'महिला' ही अक्षरं पाहिली. मला म्हणाल्या, "हे काय?"

मी म्हटलं, "सुविधा आहे मॅडम. वापरात आहे."

आतून आवाज आला, "पाणी!"

नळ लॉनवर गेला होता ना. आम्ही सगळ्या उभ्या. पुन्हा आवाज, "अरे, कोणी पाणी द्या!" तिसऱ्यांदा आवाज जरा बारीक होता, "वहिनी." तेव्हा तुझे मोठे बाबा घरून परत आले होते, त्यांनी बादली नेऊन दाराशी ठेवली आणि माझ्याकडे न पाहता बाजूला झाले.

बक्षीस मिळालं नाही, हे सांगायला नको. आठ दिवसांत खोली रिकामी झाली, नळ आला, आतून कडी आली, दिवा आला. आता चावी कोणाकडे नसते, कारण कुलूपच नाही. साहेब अजून येतात. शिट्टी आहे, पण माझ्यावर फुंकत नाहीत. मी रोज उलट्या दिशेने फिरते, मुद्दाम. म्हणजे दर फेरीला आमचं तोंड समोरासमोर येतं. ते मान फिरवतात, मी फिरवत नाही. गुडघे दुखतात, दोन फेऱ्यांत थांबावं असं वाटतं, पण त्यांच्या तोंडासाठी मी चौथी घालते.

आणि हे सगळं सांगायला मी त्या दिवशी धावत तुझ्या आईकडे गेले होते. चप्पलही काढली नाही. सगळं सांगितलं, नकला करून, पाय आवळून चालून दाखवलं. वाटलं, आता हसेल. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. म्हणाली, "बाई, त्यायचं झालं का वेळेवर?"

मी म्हटलं, "झालं न. काहून?"

"बरं झालं," म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

मला राग आला. खरंच आला. तीस कुलुपं, तीन थर्मास चहा, इतक्या रात्रींची झोप, आणि ही म्हणते बरं झालं! मी तरातरा घरी आले. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. तिसऱ्या दिवशी मीच गेले आणि म्हटलं, चल, खोली उघडी आहे, पाणी आहे, तुझ्याच अर्जाची खोली आहे. तिने पदर खोचला, चपला घातल्या, दारापर्यंत आली. मग म्हणाली, "तुमच्यासंगं नको बाई. आपण दोघी दिसलो का लोकाईले थे दोन्ही दिवस आठवतील. माहा बी अन् त्यायचा बी."

माझ्यामुळे, पोरी. साहेबाला मी आडवं केलं त्याचा मला पश्चात्ताप नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा इतवारीत जाईन. पण तिला फाटकातून आत न्यायला आता माझा हात चालत नाही, तो सुडाचा हात झाला. नुसती बाई म्हणून, कोणाची तरी आई म्हणून तिला तिथून चालत नेईल असं कोणीतरी पाहिजे. तुझ्यासोबत ती जाईल. मी विचारलं नाही तिला, पण परवा तुझा फोन आला तेव्हा ती खिडकीशी उभी राहून बोलत होती, आणि खिडकी उघडी होती.

तेव्हा सुट्टीचं काय ते पाहा. मार्च लागला की आपल्याकडे सकाळी आठलाच ऊन डोक्यावर बसतं, मग ती म्हणेल, ऊन आहे, पावसाळ्यात पाहू. त्याच्या आधी ये. चार दिवस काढून ये, फिरायचे जोडे घेऊन ये. स्टेशनवर घ्यायला मोठ्या बाबांना पाठवते. ये लवकर, पोरी.